आईचा फोन काढून घेण्याआधी तिच्या पावत्या बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागाहून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही बंगळुरूला नोकरीला, आई मिरजेला एकटी, वय ६८. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत" असा फोन आला, मग व्हिडिओ कॉलवर खाकीतला "साहेब" आला, आणि आई साडेपाच तास त्या कॉलवर बसून राहिली. हल्ली "डिजिटल अरेस्ट" म्हणतात तो हाच प्रकार. मुदत ठेवीच्या दोन पावत्या मोडून ३ लाख ८० हजार गेले. तुम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंकडून. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. स्मार्टफोन काढून तिला साधा बटणांचा फोन द्यावा का? सगळे पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यावेत का? आणि बँकेवर दावा लावला तर पैसे मिळतील का?

मी ३३ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ शाखाधिकारी म्हणून, सगळी सांगली-कोल्हापूर भागात. आता दर शनिवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे फोन आणि पासबुकं घेऊन बसते. मी वकील नाही, पोलीसही नाही. काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसलं तेवढंच सांगू शकते.

आधी पैशांचं, कारण तिथे तास मोजले जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर अजून तक्रार केली नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ती करा. सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही करता येते. या नंबरचं काम नीट समजून घ्या, म्हणजे अपेक्षा किती ठेवायची तेही कळेल. तुमच्या आईच्या खात्यातून पैसे ज्या खात्यात गेले, ते त्या भामट्याचं नसतं. कुणीतरी चार-पाच हजारांसाठी पासबुक-एटीएम कार्डासकट भाड्याने दिलेलं खातं असतं. तिथून काही मिनिटांत रक्कम फुटून पाच-सात खात्यांत जाते आणि तिथून पुढे आणखी. शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते. १९३० वर तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि ज्या खात्यात जे काही शिल्लक असेल त्यावर होल्ड लागतो. म्हणजे जे अजून निघालेलं नाही, तेवढंच अडकतं. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर मोठा हिस्सा अडकल्याचं मी पाहिलंय. तिसऱ्या दिवशी थोडंच हाती लागतं. तरी तक्रार कराच, कारण मधल्या एखाद्या खात्याची रोजची मर्यादा संपल्यामुळे काही हजार तिथेच पडून राहिलेले असतात. होल्ड लागलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. गुन्हा नोंदवावा लागतो आणि बऱ्याचदा न्यायालयात अर्ज करून ते सोडवून घ्यावे लागतात. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवा, पुढे प्रत्येक खिडकीवर तोच मागतील.

बँकेवर दाव्याबद्दल लोक तुम्हाला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवतील आणि म्हणतील, तीन दिवसांत कळवलं की पूर्ण पैसे परत. ते अर्धंच खरं आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित. तुमच्या आईने मात्र पिन स्वतः टाकला, ओटीपी स्वतः टाकला. भीतीने टाकला हे तुम्हाला-मला दिसतं, पण बँकेच्या नोंदीत तो ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार आहे. म्हणून या परिपत्रकावर फार भिस्त ठेवू नका.

तरी बँकेला लेखी तक्रार द्यायचीच. काही गोष्टी तुमच्या बाजूने असू शकतात आणि त्या तपशिलावर अवलंबून आहेत. कळवल्यानंतरही एखादा व्यवहार झाला का? तसं असेल तर तो बँकेच्या माथी. वर्षानुवर्षं महिन्याला पेन्शन काढणाऱ्या खात्यातून एकाच दुपारी दोन पावत्या मुदतीआधी मोडून अनोळखी खात्यात पैसे गेले, तेव्हा बँकेच्या यंत्रणेने एक तरी फोन केला का? हे विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मिळेलच असं मी म्हणणार नाही.

आणि एक इशारा. येत्या महिन्या-दोन महिन्यांत आईला किंवा तुम्हाला फोन येईल: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडलीय, सोडवायला एवढं शुल्क भरा." फसलेल्यांची यादी विकली जाते. माझ्या शनिवारच्या टेबलावर असे दोघं आले आहेत, ज्यांचे दुसऱ्या वेळचे पैसे पहिल्यापेक्षा जास्त होते.

आता फोनचं. तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न इथे येतो आणि मला तोच खरा वाटतो: आईने तीन दिवस तुम्हाला का सांगितलं नाही?

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. एक निवृत्त मुख्याध्यापिका शाखेत पावती मोडायला आल्या. मोठी रक्कम, मुदत संपायला चार महिने बाकी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नातवाच्या ॲडमिशनला." नोव्हेंबरात कुठली ॲडमिशन? सही करताना हात थरथरत होता आणि मांडीवरच्या पर्सची चेन अर्धी उघडी होती. आतून उजेड येत होता. फोन चालू होता. मी मोठ्याने म्हटलं, "बाई, सही जुळत नाही, पुन्हा करा," आणि व्हाउचर उलटं करून मागे लिहिलं, "फोनवर कोणी ऐकतंय का? फक्त मान हलवा." त्यांनी मान हलवली. मी खाली लिहिलं, "अटक करतो म्हणतात?" तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता. मी पर्समधून फोन काढला आणि कॉल कापला. पुढची पाच मिनिटं त्या माझ्यावरच चिडल्या होत्या, कारण त्यांच्या हिशेबाने मी त्यांना तुरुंगात पाठवलं होतं. चहा आला, मग त्या भानावर आल्या. आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "मुलाला सांगू नका हं."

पैसे वाचले होते, शाखेत सगळे कौतुक करत होते, आणि त्यांना धास्ती मुलाची.

हे भामटे पहिल्या दहा मिनिटांत सांगतात, "हे गोपनीय आहे, कुणाला बोललात तर त्यालाही आत घेऊ." त्यांचं सगळं दुकान या एका वाक्यावर चालतं. माणूस एकटा पडला की बाकीचं सोपं. ज्या घरात आईला आधीच वाटत असतं की मुलाला सांगितलं तर तो "तुला कितीदा सांगितलं" म्हणेल, तिथे अर्धं काम आयतंच झालेलं असतं. तुमच्या घरात तसं आहे असं मी म्हणत नाही. तुम्हीच विचार करा.

माझीही यातली एक चूक सांगते. २०१९ मध्ये एका पेन्शनर काकांचे केवायसीच्या फोनवर १९ हजार गेले. ते शाखेत आले, मागे रांग होती, आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "इतके शिकलेले तुम्ही, ओटीपी दिलात कसा?" आठ महिन्यांनी त्यांचं पासबुक छापताना माझ्या नजरेला पडलं, मधे आणखी ६२ हजार गेले होते. कुणीतरी स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं होतं. कळवायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. "तेव्हाच का नाही आलात?" विचारलं तर काका खाली बघत राहिले. उत्तर मला माहीत होतं.

म्हणून फोन काढून घेऊ नका. साधा फोन दिलात तर हा विशिष्ट प्रकार थांबेल हे खरं, व्हिडिओ कॉलच लागणार नाही. पण बँकेचा म्हणून येणारा भामट्याचा फोन साध्या फोनवरही येतो. आणि आई काय समजेल? शिक्षा झाली. पुढच्या वेळी तर नक्कीच सांगणार नाही. शिवाय नातवंडांचे व्हिडिओ, भिशीचा ग्रुप, डाळिंबी उसळीत नारळ कधी घालायचा ते बघणं, हे सगळं त्याच फोनमध्ये आहे. एकट्या राहणाऱ्या बाईचं ते काढून घेणं हलकं नाही.

(बुद्धीचा यात संबंध नसतो, हेही लक्षात असू द्या. आमच्या संघातल्या एका आजींनी फोन ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, कॅमेरा चालू. कुकरच्या शिट्ट्या वाढल्या तेव्हा त्यांनी त्या माणसाला विचारलं, "साहेब, गॅस बंद करू का?" तो म्हणाला, "करा, पण समोरून हलू नका." याच आजी एकेकाळी लग्नाघरी नव्वद पानांचा स्वयंपाक एकट्या काढायच्या. आता सांगताना हसतात, आणि हसता हसता गप्प होतात.)

खरी गळती कुठे झाली ते बघा. यूपीआयने एका माणसाला दिवसाला साधारण १ लाखापर्यंतच पाठवता येतात. ३ लाख ८० हजार एका दुपारी गेले याचा अर्थ ते बहुधा बँकेच्या अ‍ॅपमधून आयएमपीएस किंवा आरटीजीएस या मोठ्या रकमा खात्यातून खात्यात पाठवायच्या पद्धतींनी गेले. पासबुकातली नोंद बघा, त्यात लिहिलेलं असेल. आणि पावत्या अ‍ॅपमधूनच मोडल्या गेल्या. पूर्वी पावती मोडायची तर कागद घेऊन शाखेत यावं लागायचं, मागे सही करावी लागायची, समोर एखादी चौकस बाई बसलेली असायची. आता घरबसल्या चार बटणांत मोडते. सोय म्हणून दिलेली ही गोष्ट म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मला सगळ्यात घातक वाटते. हे मी बँकेतच असतानाही बोलायचे आणि वरच्यांना ते आवडायचं नाही.

तर मिरजेला गेलात की शाखेत जाऊन एवढं करून घ्या. बँकेप्रमाणे नावं आणि नियम थोडे वेगळे असतील. ज्या खात्याला मोबाइल जोडलाय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे, वीस-पंचवीस हजार. पेन्शन तिथेच येत असेल तर दर महिन्याला जास्तीची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवायची कायम सूचना देता येते. त्या दुसऱ्या खात्याला नेट बँकिंग नाही, मोबाइल बँकिंग नाही, जमलं तर बँकही वेगळी. पावत्या त्या दुसऱ्या खात्यातून शाखेत बसून काढा आणि कागदी पावती मागून घ्या. बऱ्याच बँकांत शाखेत काढलेली पावती शाखेतच मोडावी लागते. ते तोंडी नको, अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्या. पहिल्या खात्याला जास्तीची शिल्लक आपोआप ठेवीत जाण्याची आणि लागेल तेव्हा परत येण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर वीस हजारांच्या मर्यादेला अर्थ राहत नाही. अ‍ॅपमधली रोजची मर्यादा खाली आणा. काही बँका फक्त शिल्लक बघण्यापुरतं अ‍ॅप ठेवू देतात, ते मिळालं तर उत्तम. आणि अ‍ॅपमध्ये "तुम्हाला इतक्या लाखांचं कर्ज मंजूर आहे" अशी पट्टी दिसत असेल तर ती सोय लेखी देऊन बंद करायला सांगा. खात्यात पैसे संपले की भामटे तेच कर्ज काढायला लावतात, आणि मग म्हातारपणी हप्ते.

सगळे पैसे तुमच्या नावावर घेण्याबद्दल: नको. कायद्याने आई मुलाला पैसे देऊ शकते, तिथे अडचण नाही. पण ज्येष्ठांना मिळणारा जास्तीचा व्याजदर जाईल, व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, आणि आईला स्वतःच्या पैशांसाठी तुमच्याकडे हात पसरावा लागेल. त्यापेक्षा पावतीवर पहिलं नाव आईचं, दुसरं तुमचं, आणि दोघांच्या सहीने चालणारी ठेवा. ज्येष्ठांचा दर पहिल्या नावावर मिळतो. मोडायची वेळ आली तर तुमची सही लागेल, म्हणजे तुम्हाला कळेल. यातही एक पण आहे. मध्यरात्री दवाखान्याची वेळ आली आणि तुम्ही बंगळुरूत, तर ती पावती उपयोगाची नाही. म्हणून एक पावती, लाखभराची, एकट्या तिच्या सहीची असू द्या. तुम्हाला भावंडं असतील तर दुसऱ्या नावाचा निर्णय सगळ्यांसमोर करा. यावरून तुटलेली घरं मी पोलिसांपेक्षा जास्त पाहिली असतील.

आईला त्या माणसावर विश्वास बसला, कारण त्याला तिचा आधार नंबर माहीत होता, असं तुम्ही लिहिलंय. तो माहीत असणं अजिबात कठीण नाही. गेल्या दहा वर्षांत तिने सिमकार्डाला, लॉजवर, गॅसला, पतपेढीत किती झेरॉक्स दिल्या असतील मोजा. यापुढे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्यावं आणि बोटांचे ठसे लॉक करून ठेवावेत, हे चांगलंच. पण जे बाहेर गेलं ते परत येत नाही. तिला एवढंच पटवा की नंबर माहीत असल्याने कुणी पोलीस ठरत नाही. अटक फोनवरून होत नाही, पोलीस समोर यावा लागतो. बाईमाणसाला तर अपवाद सोडता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये "मन की बात"मध्ये हेच सांगितलं होतं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. वयस्कर माणसांना पंतप्रधान आणि सर्वोच्च न्यायालय ही नावं सांगितलेली चालतात, आपलं बोलणं तेवढं चालत नाही. तेव्हा खुशाल वापरा.

आमच्या घरात एक खूण ठरलेली आहे. हल्ली आवाजाची नक्कल करून "आजी, मी अडकलोय, पैसे पाठव" असेही फोन येतात. तसा फोन आला की विचारायचं, आपल्या कटाच्या आमटीत चिंच की आमसूल? आमच्याकडे दोन्ही नसतं, सासूबाईंपासून कैरीची पूड असते. नातवाला हे पाठ आहे. तुमच्या घरचं असं काहीतरी शोधा, जे फेसबुकवर कधी टाकलेलं नाही.

रविवारी जाल तेव्हा गेल्या गेल्या फोनला हात लावू नका. तिला ते साडेपाच तास सलग सांगू द्या, मधे बोलू नका. पोलिसांना हे सगळं लागणारच आहे: कुठल्या नंबरवरून, किती वाजता, कुठल्या खात्यात, कागद काय दाखवला. ती सांगेल तसं वहीत लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण लाज वाटते म्हणून ती पुसून टाकेल, किंवा टाकलंही असेल. उरलं असेल त्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

सोमवारी शाखेत तिला बरोबर न्या. आधार, पॅन, पासबुक, १९३० चा पोच क्रमांक आणि ती वही. साडेदहाच्या आत पोचा, दुपारी पेन्शनवाल्यांची गर्दी होते. आणि खिडकीवर तिला बोलू द्या, तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा.